वणवा विझवण्याच्या कामात जायचे असेल तर बारावीनंतर काय करावे?

इंदूरच्या राजेंद्रनगरातील एका पालकांनी विचारले आहे की, त्यांची कन्या यंदा जीवशास्त्र घेऊन बारावीला बसते आहे आणि तिला जंगलातील आग विझवणाऱ्या पथकात काम करायचे आहे. तिने कोणता अभ्यासक्रम निवडावा, नागपूरच्या अग्निशमन महाविद्यालयाचा मार्ग योग्य ठरेल का, आणि मुलीला हे काम झेपेल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. मध्य प्रदेशच्या वन विभागात वनक्षेत्रपाल म्हणून माझी बरीचशी नोकरी विंध्याच्या उतारावरील जंगलांत झाली आणि त्या काळात उन्हाळा म्हणजे वणवा हेच समीकरण होते, त्यामुळे उत्तर थोडे लांबवून देत आहे.

आपल्या देशात केवळ जंगलातील आग विझवण्यासाठी नेमलेले, कायम स्वरूपाचे, वेगळे पद जवळजवळ नाहीच, हे आधी लक्षात घ्यावे. परदेशातील चित्रफितींत पिवळा सदरा आणि शिरस्त्राण घातलेली जी पथके दिसतात, तसे संवर्ग आपल्याकडे उभे राहिलेले नाहीत. येथे वणव्यावर सर्वांत आधी पोहोचतो तो बीटचा, म्हणजे त्याच्याकडे सोपवलेल्या जंगलाच्या तुकड्याचा, वनरक्षक, त्याच्यासोबत हंगामापुरते रोजंदारीवर घेतलेले अग्निरक्षक आणि वन समितीचे गावकरी असतात. त्यांच्या मागे वनपाल, उपवनक्षेत्रपाल आणि वनक्षेत्रपाल अशी साखळी असते. हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाण्याची बादली घेऊन येतात, परंतु ती २०२२ च्या मार्चमध्ये सरिस्क्यात किंवा २०२४ मध्ये नैनितालच्या परिसरात आली तशी, परिस्थिती हाताबाहेर गेल्यावर. तेव्हा ज्याला हे काम करायचे आहे त्याने वन विभागात जावे, आणि कोणत्या पायरीवरून आत शिरायचे एवढेच ठरवावे. शिक्षणाची निवड त्या पायरीवरून ठरते.

नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाविषयी बहुतेक मराठी घरांत विचारणा होते, कारण ते जवळ आहे, केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे आणि तेथील अग्निशमन अभियांत्रिकीच्या पदवीला चांगला मान आहे. संस्था उत्तमच आहे. परंतु तेथे शिकवतात ते इमारती, कारखाने, तेलसाठे आणि बचावकार्य यांविषयी. ते शिकलेला मनुष्य महापालिकेच्या अग्निशमन दलात, विमानतळावर किंवा एखाद्या तेलशुद्धीकरण कारखान्यात जातो. शहरातील आगीकडे पाणी नेता येते, तर इंदूरजवळच्या चोरलच्या घाटात एप्रिल महिन्यात जेथे आग लागते तेथे बंबच काय, कित्येकदा मोटारसायकलही पोहोचत नाही, आणि सारे काम हिरव्या फांद्या, दंताळे, पाठीवरचा ब्लोअर, म्हणजे पाला उडवणारे यंत्र, आणि आगीपुढे कोरलेली मोकळी पट्टी यांवर भागवावे लागते. मुलीचा ओढा खरोखर जंगलाकडे असेल, तर नागपूरचा विचार बाजूला ठेवावा असे माझे मत आहे.

आता पायऱ्यांविषयी. सर्वांत खालची, पण आगीच्या सर्वांत जवळची पायरी वनरक्षकाची आहे. मध्य प्रदेशात ही भरती कर्मचारी निवड मंडळामार्फत, म्हणजे पूर्वी ज्याला सगळे व्यापम म्हणत त्या मंडळामार्फत होते. आधी लेखी परीक्षा, मग उंची आणि छातीचे मोजमाप, आणि त्यानंतर पायी चालण्याची चाचणी, असा क्रम असतो. पुरुष उमेदवारांना चार तासांत २५ किलोमीटर आणि महिला उमेदवारांना चार तासांत १४ किलोमीटर चालावे लागते. शैक्षणिक अट आणि वयोमर्यादा त्या त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचावी, शिकवणी वर्गांच्या पत्रकांवर विसंबू नये. निवड झाल्यावर बैतूल, शिवपुरी, अमरकंटक यांसारख्या ठिकाणच्या वन विद्यालयांत साधारण सहा महिन्यांचे प्रशिक्षण असते. त्यात वनस्पतींची ओळख, रोपवन, मोजणी, वन कायदा, गुन्हा नोंदवण्याची पद्धत, कवायत आणि वन्यप्राणी हे सगळे असते, आणि त्यातच अग्निसंरक्षणाचा एक भाग असतो. तो भाग लहान वाटेल; खरे शिक्षण पहिल्या उन्हाळ्यात बीटवर, जुन्या वनरक्षकासोबत होते.

दुसरी पायरी वनक्षेत्रपालाची, आणि तिच्यालगत सहायक वनसंरक्षकाची. या दोन्ही पदांसाठी मध्य प्रदेश लोकसेवा आयोग राज्य वन सेवा परीक्षा घेतो. आयोगाचे कार्यालय इंदूरमध्येच, रेसिडेन्सी भागात आहे, त्यामुळे येथील मुलांना ही परीक्षा ऐकून तरी ठाऊक असते. पूर्व परीक्षा राज्य सेवेबरोबर एकत्र होते, मुख्य परीक्षा वेगळी असते, पुढे मुलाखत आणि पुन्हा चालण्याची चाचणी. येथे मात्र पदवी लागते आणि तीही विज्ञान, कृषी, वनशास्त्र, अभियांत्रिकी अशा ठरावीक शाखांची. निवड झालेल्या वनक्षेत्रपालांचे प्रशिक्षण दीड वर्षाचे असून ते बालाघाट किंवा अन्य राज्यांतील वन अकादम्यांत होते. सहायक वनसंरक्षकांना डेहराडून किंवा कोइमतूरच्या केंद्रीय अकादमीत पाठवतात. अडचण एवढीच की जागा थोड्या निघतात, आणि एखाद्या वर्षी निघतही नाहीत. केवळ या एका परीक्षेवर तीन-चार वर्षे लावणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

तिसरी पायरी भारतीय वन सेवा. तिच्यासाठी संघ लोकसेवा आयोगाची परीक्षा, २१ ते ३२ ही सर्वसाधारण वयोमर्यादा, आणि पदवीला पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय किंवा कृषी, वनशास्त्र अथवा अभियांत्रिकीची पदवी. २०१३ पासून तिची पूर्व परीक्षा नागरी सेवांसोबतच होते. प्रशिक्षण डेहराडूनच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वन अकादमीत. या वाटेने आलेला अधिकारी वणव्याचे नियोजन करतो, निधी मिळवतो, माणसे आणि साधने पुरवतो; फांदी हातात घेऊन तो क्वचितच उभा राहतो. आपल्या कन्येला नेमके काय करायचे आहे, हे घरात बसून मोकळेपणाने विचारावे. तिला आगीसमोर उभे राहायचे असेल तर वनरक्षक किंवा वनक्षेत्रपाल, आणि आगच कमी लागावी अशी व्यवस्था उभी करायची असेल तर वरची पदे.

पदवी कोणती घ्यावी, याला इंदूरमध्ये उत्तरे पुष्कळ आहेत आणि त्यासाठी गाव सोडण्याची सक्ती नाही. १८९१ साली सुरू झालेल्या होळकर विज्ञान महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेऊन पदवी करता येते. इंदूरचे कृषी महाविद्यालय आहे. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. या तिन्ही पदव्यांनी भारतीय वन सेवेचे दार उघडे राहते, आणि राज्य वन सेवेसाठीही अशाच शाखा लागतात. वनशास्त्राचीच पदवी हवी असेल तर मराठी विद्यार्थ्यांना अकोला आणि दापोली ही ओळखीची ठिकाणे आहेत, शिवाय जबलपूर आहे. माझा कल मात्र वनस्पतिशास्त्राकडे झुकतो, आणि त्याला कारण आहे. कोणते गवत केव्हा वाळते, सागाची पाने कधी गळतात, सालई आणि धावडा आगीला कसे तोंड देतात, कोणत्या झाडाचा पोकळ बुंधा आतून दोन-दोन दिवस धुमसत राहतो, हे ज्याला समजते त्याला आग पुढे कोठे जाणार याचा अंदाज आधी येतो. भूगोलाचाही उपयोग होतो, नकाशा वाचता येतो. परंतु भारतीय वन सेवेच्या पात्रता-यादीत भूगोल नाही, ही गोष्ट पुष्कळांना पदवी हातात आल्यावर कळते. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेचे नावही घरोघर निघते. तो पदव्युत्तर व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम आहे आणि त्यातून थेट वर्दीची नोकरी मिळत नाही.

महाराष्ट्रातील वनरक्षक भरतीविषयी इंदूरचे मराठी लोक नेहमी विचारतात, म्हणून तेही सांगून टाकतो. तेथे बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय लागतो आणि धावण्याची चाचणी असते, पुरुषांना पाच व महिलांना तीन किलोमीटर. पण अधिवासाची अट आडवी येते. पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहिलेल्या कुटुंबाला ते प्रमाणपत्र मिळत नाही. घरात मराठी बोलली जाते एवढ्याने काम होत नाही.

मुलीला झेपेल का, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, पण एक अडथळा माहीत असलेला बरा. मध्य प्रदेशात राज्याच्या नोकऱ्यांत महिलांसाठी ३५ टक्के आरक्षणाची अधिसूचना २०२३ मध्ये निघाली, तेव्हा तिच्यातून वन विभाग वगळण्यात आला. वगळण्यामागचे तर्क मी ऐकले आहेत, ते मला कधीच पटले नाहीत. माझ्या हाताखाली ज्या महिला वनरक्षक होत्या त्यांनी बीट सांभाळली, रात्री गस्त घातली आणि वणव्यातही त्या उभ्या राहिल्या. उलट मोहाच्या हंगामात गावातील बायकांशी बोलून आग लागूच न देण्याचे काम त्या आमच्यापेक्षा सहज करत. अडचणी आहेत त्या बीटवरील निवासस्थानाच्या, शौचालयाच्या आणि एकटीने रात्री जंगलात जाण्याच्या, आणि त्या अंगातील ताकदीच्या नाहीत.

आता प्रत्यक्ष कामाविषयी, कारण अभ्यासक्रम निवडण्याआधी मुलीला ते ठाऊक असले पाहिजे. आमच्याकडे अग्निहंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात, परंतु काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. थंडी पडली की कार्य आयोजनेत, म्हणजे वन विभागाच्या कामाच्या आराखड्यात, आखून दिलेल्या अग्निरेखांवरील, म्हणजे महाराष्ट्रात ज्यांना जाळरेषा म्हणतात त्यांवरील, गवत आणि झुडपे कापायची, ती तेथेच वाळू द्यायची, आणि हंगाम सुरू होण्याआधी, वारा पडलेला असताना, दोन्ही बाजूंना माणसे उभी करून ती पट्टी जाळून काढायची. पुढे गळणारा पालापाचोळा पुन्हा पुन्हा झाडून पट्टी मोकळी ठेवावी लागते, नाहीतर मार्चमध्ये साग आपली पाने टाकतो आणि जानेवारीतील सगळी मेहनत त्याखाली झाकली जाते. हे काम कंटाळवाणे आहे, त्याचे छायाचित्र कोणी काढत नाही, आणि उन्हाळ्यात बीट वाचते की जळते ते बहुतांशी यावरच ठरते.

आग लागते ती माणसामुळे, हेही तिला आधीच कळू द्यावे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणून झुडपे पेटवतात, गव्हाची कापणी झाली की शेतातली नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेली खुंटे, जाळतात आणि ती बांध ओलांडून जंगलात शिरते. कोणी विडीचे थोटूक टाकतो, कोणी पिकनिकची चूल तशीच सोडून जातो. पाताळपाणी आणि जानापावच्या बाजूला रविवारचे इंदूरकर काय करतात ते आपण पाहिलेच असेल. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव जंगलात आग लावणे गुन्हा आहे, आणि कलम ७९ नुसार जंगलात हक्क उपभोगणाऱ्यांनी आग विझवायला मदत करणे बंधनकारक आहे. पण ज्या गावाशी वनरक्षकाचे वर्षभर भांडण चालते ते गाव कलम दाखवून आग विझवायला येत नाही. म्हणून बोलीभाषा शिकणे हा प्रशिक्षणाचाच भाग समजावा. आमच्या भागात भिली आणि निमाडी येत असेल तर अर्धे काम होते.

आगीची खबर आता बहुतेक वेळा मोबाइलवर येते. डेहराडूनचे भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने आगीचे ठिपके टिपते, आणि नोंदणी केलेल्या कर्मचाऱ्याला, अगदी बीटपर्यंत, संदेश जातो. हल्ली ज्या संवेदकाची माहिती मुख्यतः वापरतात त्याचा एक ठिपका ३७५ मीटरचा, जुन्याचा एक किलोमीटरचा. म्हणजे मोबाइलवर जो बिंदू दिसतो तो प्रत्यक्षात अख्खा उतार असू शकतो, आणि उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा वरून जात असल्याने मधल्या वेळेत पेटलेली आग त्याला दिसत नाही. जंगलाचे कक्ष क्रमांक, नाले, पायवाटा आणि जुने मुनारे, म्हणजे हद्दीचे खांब, पाठ असलेला माणूस त्या ठिपक्यावरून वाट काढतो. नुसते अॅप उघडणारा दरीच्या चुकीच्या काठावर जाऊन उभा राहतो. कन्येने महाविद्यालयात असतानाच नकाशा, होकायंत्र, जीपीएस आणि भौगोलिक माहिती प्रणाली शिकून घ्यावी. संगणकावर चालणारी मोफत प्रणाली उपलब्ध आहे, त्यासाठी महागडा वर्ग लावू नये.

आगीजवळ गेल्यावर पहिले काम असते पाहण्याचे: वारा कोठून आहे, उतार कोठे चढतो, पुढे गवत आहे की खडक, आणि पळायचे झाले तर कोठे. आग चढावर झपाट्याने धावते, कारण वर जाणाऱ्या ज्वाळा पुढचा पाला आधीच तापवून कोरडा करतात. म्हणून चढावर, आगीच्या तोंडासमोर कधीही उभे राहायचे नसते. जळून काळ्या झालेल्या बाजूने शिरायचे, आगीच्या शेपटाकडून सुरुवात करून दोन्ही कडांनी तिला दाबत तोंडाकडे जायचे. हिरवी फांदी आपटायची नसते. आपटली की ठिणग्या उडून मागे नवी आग लागते. फांदी ज्वाळेवर टेकवायची, दाबायची आणि जळालेल्या बाजूकडे ओढायची. ज्वाळा कमरेच्या वर असतील तर फांदीचा उपयोग नाही. तेव्हा मागे सरून नाला, पायवाट किंवा अग्निरेखा गाठायची आणि तेथून उलटी आग सोडायची, म्हणजे मधले जळण संपते. ही उलटी आग लावण्याचा निर्णय अनुभवी माणसाचाच असतो, आणि नवशिक्याने तो उत्साहात घेऊ नये. सगळे विझल्यासारखे वाटल्यावर पहाटेपर्यंत थांबून कडेचे धुमसते ओंडके उलटवून मातीने दाबावे लागतात. दमलेली माणसे तेथेच कंटाळा करतात, आणि दुपारी वारा सुटला की तीच आग पुन्हा उठते.

हे काम जिवावरचे आहे, ते झाकून ठेवणे योग्य नाही. २०१८ च्या मार्चमध्ये तमिळनाडूतील कुरंगणी येथे वणव्यात सापडून २० हून अधिक गिर्यारोहक दगावले. २०२० मध्ये केरळातील त्रिशूर जिल्ह्यात तीन वनकर्मचारी, आणि १३ जून २०२४ रोजी उत्तराखंडच्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेल्या पथकातील चार जण त्याच दिवशी गेले. जखमींपैकी काहींचा पुढे मृत्यू झाला. आपल्याकडे संरक्षक कपडे अजूनही सर्वांपर्यंत पोहोचलेले नाहीत. निदान जाड सुती कपडे, घोट्यापर्यंतचे चामड्याचे बूट, भरपूर पाणी आणि ओला सुती रुमाल एवढे तरी स्वतः सांभाळावे. पॉलिएस्टर अंगावर वितळते आणि कातडीला चिकटते, म्हणून खेळाचा टी-शर्ट घालून आगीवर जाणाऱ्याला मी परत पाठवत असे.

अमेरिकेतील प्रशिक्षणाबद्दल कन्येने वाचले असेल. तेथे नव्या उमेदवाराला एस-१३० आणि एस-१९० हे मूलभूत पाठ करावे लागतात, आणि ४५ पौंड, म्हणजे सुमारे वीस किलो ओझे पाठीवर घेऊन तीन मैल ४५ मिनिटांत चालून दाखवावे लागते. तेथील संघराज्य सरकारच्या नोकऱ्या तेथील नागरिकांसाठी असतात, त्यामुळे त्या मार्गावर पैसे खर्च करू नयेत. परंतु त्यांचे अभ्याससाहित्य इंटरनेटवर मोफत मिळते आणि ते वाचण्यासारखे आहे. पहारेकरी, संपर्क, सुटकेच्या वाटा आणि सुरक्षित जागा ही चार सूत्रे ते प्रत्येक पथकाकडून घोटून घेतात, कारण १९४९ साली मॉन्टानातील मान गल्चमध्ये १३ आणि २०१३ साली ॲरिझोनातील यार्नेल हिल येथे १९ जवान गमावल्याची किंमत त्यांनी मोजली आहे. आपल्या बीटवरही ही चार सूत्रे जशीच्या तशी लागू पडतात.

पगार आणि बढतीविषयी थोडक्यात सांगतो. वनरक्षकाची नोकरी पक्की असते, निवास बीटवर मिळतो, पण पदोन्नतीतील आरक्षणाविषयी २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयानंतर राज्यात पदोन्नत्या दीर्घकाळ रखडल्या आणि कित्येक जण भरती झाले त्याच पदावरून निवृत्त झाले. हंगामी अग्निरक्षकाचे काम रोजंदारीचे असून ते त्याच गावच्या लोकांना दिले जाते, आणि तसेच असावे. शहरातील मुलीने त्यावर डोळा ठेवू नये.

माझा सल्ला असा की, तिने होळकरमध्ये वनस्पतिशास्त्र घ्यावे, एन.सी.सी. असेल तर ती घ्यावी, आणि वनरक्षकाची जाहिरात निघेल तेव्हा पात्र असल्यास पदवी चालू असतानाही अर्ज भरावा. निवड झाली तर पदवी पुढे दूरस्थ पद्धतीने करण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी: वन सेवांना लागणारा विज्ञानाचा विषय त्या विद्यापीठात आहे का. चालण्याचा सराव आजपासून सुरू करता येईल. सुरुवातीला सपाट रस्त्यावर आठवड्यातून तीन दिवस आठ किलोमीटर, मग हळूहळू वाढवत १४ किलोमीटर साडेतीन तासांत आले की इंदूरजवळच्या रालामंडळच्या चढावर पाठीवर पाच किलो घेऊन चालावे. चाचणीत धावणारे मध्येच बसतात, एका लयीत चालणारे पोहोचतात. बूट नवे घालून चाचणीला जाऊ नये. आणि डिसेंबरात इंदूर वनमंडळाच्या कार्यालयात जाऊन, चोरल किंवा मानपूर परिक्षेत्रात अग्निरेखा कापण्याचे काम पाहण्याची परवानगी लेखी अर्ज करून मागावी. वनक्षेत्रपालांना वेळ असला तर ते सहसा नाही म्हणत नाहीत. अर्जासोबत महाविद्यालयाचे पत्र जोडावे, आणि सकाळी लवकर जावे, कारण मजूर सात वाजता कामाला लागतात.